रंगाखालचे लोखंड : जुन्या मोटारीचा गंज काढताना

जुन्या मोटारीची पारख बहुतेक लोक तिच्या चकाकीवरून करतात. जाणकार मात्र आधी खाली वाकून तिचा तळ पाहतो. इंजिनाचे सुटे भाग शोधून मिळवता येतात, गाद्या नव्याने शिवता येतात, काचाही बदलता येतात. पण दाराखालचा पत्रा आतून पोखरलेला असेल आणि त्यावर पुट्टी भरून रंग मारलेला असेल, तर ती मोटार दुरुस्त झालेली नसते. तिचे दुखणे केवळ झाकलेले असते. गोव्याच्या हवेत हे झाकण फार काळ टिकत नाही. एखाद-दुसऱ्या पावसाळ्यात रंगावर फोड येतात, फोडातून तांबूस पाणी झिरपू लागते आणि रंगावर झालेला सारा खर्च वाया जातो.

गोमंतकीयांसाठी हा विषय परका नाही. मुक्तीपूर्व काळात समुद्रमार्गे आलेल्या काही युरोपीय मोटारी आजही जुन्या घरांच्या आवारात आढळतात. पुढे त्यांच्या शेजारी अँबॅसडर आणि फियाट येऊन उभ्या राहिल्या. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसडर पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे १९५७ पासून २०१४ पर्यंत तयार होत राहिली. मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडत असे. तिलाच सत्तरच्या दशकात प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले. घरातील तरुण माणसे नोकरीसाठी बाहेर गेली आणि यांतील अनेक गाड्या वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली राहिल्या. आता आजोबांची गाडी पुन्हा रस्त्यावर आणण्याची इच्छा अनेक घरांत बोलून दाखवली जाते. ती पुरी व्हायची असेल, तर कामाचा आरंभ रंगाच्या डब्यापासून नव्हे, लोखंडापासून करावा लागतो.

गंज चढतो कसा?

लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज तयार होतो. या क्रियेला मीठ वेग देते. खारट ओलाव्यातून विद्युतभार सहज वाहतो. त्यामुळे पत्र्याच्या पृष्ठभागावर असंख्य सूक्ष्म विद्युतघट तयार होतात आणि त्यांच्या एका टोकाशी लोखंड विरघळत राहते. हवेतील सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांच्या पुढे गेली की पोलादावर ओलाव्याचा अदृश्य थर धरू लागतो आणि गंजाची गती लक्षणीय वाढते. गोव्यात पावसाळ्याचे महिनेच्या महिने आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. किनाऱ्यालगतच्या गावांत वाऱ्याबरोबर येणारे मीठ त्यात भर घालते. म्हणजे अंगणात नुसती उभी असलेली मोटारही झिजत असते.

अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर बसतो आणि तो खालच्या धातूचे रक्षण करतो. गंजाची गोष्ट उलट आहे. तो सच्छिद्र असतो, ओलावा धरून ठेवतो आणि खालच्या लोखंडापर्यंत पाणी पोहोचवत राहतो. शिवाय मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा तो व्यापतो. म्हणूनच तो रंगाला आतून वर ढकलतो आणि दोन पत्र्यांमधील जोड फाकवतो. अर्धवट काढलेल्या गंजावर रंग देणे म्हणजे निखाऱ्यावर राख टाकण्यासारखे आहे. वरून सारे शांत दिसते, आत काम चालूच राहते.

दडण्याच्या जागा

रंगावर दिसणारा डाग हा बहुधा गंजाचा शेवट असतो, आरंभ नव्हे. आरंभ होतो तो पाणी आणि माती अडकून बसणाऱ्या जागी. दाराखालून पुढून मागे जाणारी पोकळ पट्टी, जिला गॅरेजच्या भाषेत सिल म्हणतात, ही त्यांतील सर्वांत महत्त्वाची जागा. चाकांवरच्या कमानींची आतली कड, दारांचा खालचा भाग, डिकीचा तळ, बॅटरीखालची बैठक, पुढच्या-मागच्या काचांच्या रबरी बीडिंगखालचा पत्रा आणि पायाखालच्या रबरी चटईच्या आड दडलेला तळपत्रा या ठिकाणीही तपासणी अटळ असते.

दारांच्या आणि सिलच्या तळाशी पाणी निथळण्यासाठी बारीक छिद्रे ठेवलेली असतात. जांभ्याची लाल धूळ आणि सुकलेला पालापाचोळा यांनी ती बुजली की काचेच्या फटीतून आत उतरलेले पाणी तेथेच साचते. पूर्वीच्या रंगकामात ही छिद्रे रंगाने किंवा पुट्टीने बंद झाल्याचेही आढळते. अशा वेळी रंगकामानेच गंजाला आमंत्रण दिलेले असते.

तपासणीची साधने साधी आहेत. मऊ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक पत्र्यावर फिरवावे. जेथे ते नीट चिकटत नाही, तेथे पुट्टीचा जाड थर आहे असे समजावे. बोटाच्या पेराने टकटक केल्यास निरोगी पत्रा खणखणीत वाजतो आणि पुट्टी भरलेली जागा बद्द बोलते. गाडी पक्क्या आधारावर चढवून खालच्या बाजूने बोथट टोकाचा स्क्रू-ड्रायव्हर दाबून पाहावा. टोक आत गेले, तर तेथे पत्रा उरलेला नाही, केवळ रंग आणि गंज उरला आहे. खरेदी करतानाही हीच तपासणी उपयोगी पडते.

सिल हा सांगाडाच

या कामात सर्वांत महागडी चूक होते ती सिलला केवळ शोभेची पट्टी समजल्याने. जुन्या विलिस जीपमध्ये चॅसिस वेगळी असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असते. फोक्सवॅगन बीटलचा तळही बॉडीपासून सुटा करता येतो. अँबॅसडर आणि फियाट ११०० यांची रचना निराळी आहे. त्यांत तळपत्रा, सिल, खांब आणि छत मिळून एकच भारवाही पेटी तयार होते. तिच्यातील सिल कुजली तर गाडी मध्यभागी कमकुवत होते, दारे लागेनाशी होतात आणि अपघातात आतील माणसांना मिळणारे संरक्षण घटते. सिलमध्ये पुट्टी, फोम किंवा सिमेंट भरून वरून रंग मारण्याचे प्रकार घडतात. ती केवळ निकृष्ट दुरुस्ती नव्हे, ती प्रवाशांच्या जिवाशी तडजोड आहे.

म्हणूनच सिल कापण्यापूर्वी गाडी समतल जमिनीवर, चाकांच्या आधारबिंदूंजवळ घोड्यांवर टेकवावी. दारांभोवतीच्या फटी मोजून लिहून ठेवाव्यात. दाराच्या चौकटीत आडवे-तिरपे लोखंडी नळ तात्पुरते वेल्ड करून तिचा आकार बांधून घ्यावा. एका वेळी एकच बाजू कापावी आणि ती पूर्ण झाल्यावरच दुसरीला हात घालावा. ही दक्षता न घेतल्यास सांगाडा काही मिलिमीटर खचतो. तो त्याच अवस्थेत वेल्ड झाला, तर पुढे कितीही उत्तम रंग दिला तरी दार नीट बसत नाही.

कापणे आणि जोडणे

कुजलेला भाग किती कापावा, याचे उत्तर एकच : चकाकणारे, पुऱ्या जाडीचे लोखंड लागेपर्यंत. छिद्राच्या कडेचा पत्रा वरून शाबूत वाटला तरी मागच्या बाजूने तो कागदासारखा पातळ झालेला असतो. त्यावर वेल्डिंगची ज्योत टेकताच छिद्र मोठे होत जाते. त्यामुळे आरंभी तळहाताएवढा वाटणारा तुकडा शेवटी दोन-तीन पट मोठा होतो. गाडीमालकाने हे गृहीत धरून खर्चाचा अंदाज बांधलेला बरा.

ठिगळासाठी मऊ, कोल्ड रोल्ड पत्रा वापरतात. बाहेरच्या भागांसाठी साधारण २० गेज, म्हणजे सुमारे ०.९ मिलिमीटर, आणि सिलसारख्या भारवाही भागांसाठी १८ गेज, म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर जाडी बहुधा योग्य ठरते. अंतिम कसोटी मात्र मूळ पत्र्याच्या जाडीची. पुठ्ठ्याचा नमुना कापून, तो गाडीवर बसवून पाहून मगच पत्रा कापावा. शिवणकामात कापड कापण्यापूर्वी कागदी बेतणी करतात, तसाच हा प्रकार.

बाहेरच्या पृष्ठभागावर नवा तुकडा जुन्यावर चढवून जोडण्यापेक्षा दोन्ही कडा समोरासमोर भिडवून जोडणे श्रेयस्कर असते. एकावर एक चढवलेल्या पत्र्यांमध्ये फट राहते, तीत पाणी शिरते आणि गंजाला नवे घर मिळते. कारखान्यात मुळातच जेथे दोन पत्रे एकमेकांवर ठेवून स्पॉट वेल्डिंग केलेले होते, तेथे तीच पद्धत पाळावी. मात्र आतील पृष्ठभागांवर वेल्डिंग सहन करणारा जस्तयुक्त प्रायमर आधी लावावा.

पातळ पत्र्याचा खरा शत्रू उष्णता आहे. सलग वेल्डिंग केल्यास पत्रा तापून आक्रसतो आणि त्यावर लाटा उमटतात. त्यावर उपाय टाक्यांचा. एक टाका येथे, दुसरा दूरच्या टोकाला, तिसरा मध्ये. प्रत्येक टाका हाताला सोसवेल इतका निवू द्यायचा आणि मगच शेजारी दुसरा घालायचा. आधी धावदोरा, मग टीप, हा शिवणाचा क्रम येथेही लागू पडतो. मिग वेल्डिंगने हे काम तुलनेने आटोक्यात राहते. गॅस वेल्डिंगचा जोड मऊ असतो आणि हातोडीने सपाट करता येतो. पण त्यात उष्णता अधिक पसरते, म्हणून सरावलेला हात लागतो.

गंज उतरवण्याचे मार्ग

ज्या ठिकाणी पत्रा शाबूत आहे आणि गंज केवळ वरवर आहे, तेथे कापण्याची गरज नसते. तारेचा ब्रश, ग्राइंडरवरची खरखरीत चकती आणि पॉलिश पेपर ही नित्याची साधने. केवळ तारेचा ब्रश फिरवल्यास गंज चकचकीत होतो, पण खड्ड्यांमध्ये तो तसाच राहतो. काळे ठिपके दिसत असतील, तर काम पूर्ण झालेले नाही.

वाळू किंवा तत्सम कणांचा मारा करून गंज काढण्याच्या ब्लास्टिंगने खड्डे उत्तम साफ होतात. चॅसिस, सस्पेन्शनचे भाग आणि चाके यांसाठी ही पद्धत योग्य. बॉनेट, छत आणि दार यांच्या रुंद, पातळ पत्र्यावर मात्र जोरदार मारा केल्यास पत्रा ताणला जाऊन कायमचा वाकतो. तेथे बारीक कण, कमी दाब आणि अनुभवी कारागीर हवा; तो नसेल, तर रंग काढण्याचे रसायन आणि हाताने घासणे अधिक सुरक्षित.

रासायनिक उपायांत फॉस्फरिक आम्लाचा वापर सर्वाधिक होतो. ते गंज विरघळवते आणि लोखंडावर फॉस्फेटचा पातळ थर ठेवते. मोटार कारखान्यांतही रंगापूर्वी पत्र्यावर फॉस्फेटची प्रक्रिया करतात. टॅनिक आम्लावर आधारित द्रावणे गंजाचे रूपांतर काळसर, स्थिर संयुगात करतात. ही द्रावणे चिवट, खोल खड्ड्यांतील उरल्यासुरल्या गंजासाठी आहेत. सुटणाऱ्या पापुद्र्यांवर ती ओतून काही साधत नाही. त्यावर कोणता प्रायमर चालतो आणि द्रावण धुऊन काढायचे की नाही, हे डब्यावरील सूचनेप्रमाणेच ठरवावे. काही इपॉक्सी प्रायमर आम्लाचा अंश राहिलेल्या पृष्ठभागावर धरत नाहीत.

बाथरूम धुण्याचे हायड्रोक्लोरिक आम्ल स्वस्त मिळते आणि गंज झरझर काढते, म्हणून काही जण ते वापरतात. ते टाळावे. त्यातील क्लोराइड जोडांमध्ये आणि खड्ड्यांमध्ये उरते, आणि क्लोराइड म्हणजे समुद्राच्या मिठातील तोच गंजकारक घटक. गाडीत दर्या ओतण्याचाच तो प्रकार.

कब्जे, बोल्ट, ब्रॅकेट अशा लहान वस्तूंसाठी सायट्रिक आम्लाचे सौम्य द्रावण पुरेसे असते. तांब्या-पितळेची भांडी चिंचेने घासून लख्ख करण्यामागचे तत्त्व याच्या जवळचेच. अशा वस्तू द्रावणातून काढल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच कोरड्या करणे मात्र आवश्यक.

उघडे लोखंड फार वेळ उघडे नको

सारा गंज गेला, पत्रा चंदेरी दिसू लागला, की काम संपल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात तो क्षण सर्वांत नाजूक असतो. दमट हवेत उघड्या पोलादावर काही तासांतच पिवळसर झाक येते. घामेजलेल्या बोटाचा ठसासुद्धा दुसऱ्या दिवशी गंजाच्या रूपाने उमटतो, कारण घामात मीठ असते. म्हणून गोव्यात हे काम दसरा-दिवाळीनंतर हाती घ्यावे आणि मेच्या अखेरीपूर्वी आवरावे. एका दिवसात जेवढ्या भागाला प्रायमर देता येईल तेवढाच भाग त्या दिवशी उघडावा.

प्रायमरपूर्वी दोन गोष्टी अनिवार्य आहेत. पहिली स्वच्छता : तेल-मेण काढणारे द्रावण एका स्वच्छ फडक्याने लावायचे आणि ते वाळण्यापूर्वी दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्यायचे. एकच फडके फिरवत राहिल्यास तेलकटपणा निघत नाही, फक्त पसरतो. दुसरी गोष्ट पकड : गुळगुळीत लोखंडावर प्रायमर टिकत नाही, म्हणून ८० ते १८० क्रमांकाच्या पेपरने एकसारखे ओरखडे पाडून घ्यावेत. या वेळेपासून हातमोजे उतरवू नयेत.

पहिला थर शक्यतो दोन घटकांच्या इपॉक्सी प्रायमरचा असावा. तो पाण्याला दाद देत नाही आणि लोखंडाला घट्ट धरतो. परिचित रेड ऑक्साइड स्वस्त असला, तरी त्याचा साधा थर तुलनेने सच्छिद्र असतो. नुसता तो देऊन गाडी महिनोन्महिने गॅरेजबाहेर ठेवली, तर ओलावा खाली उतरतो.

पुट्टी वाईट नाही. तिची जागा चुकते. पॉलिएस्टर पुट्टी ओलावा शोषते. उघड्या लोखंडावर ती भरली आणि मागून पाणी आले, तर ती स्पंजासारखी वागते. त्यामुळे अनेक कारागीर आधी इपॉक्सी आणि मग त्यावर पुट्टी हा क्रम पाळतात. थर तीन मिलिमीटरपेक्षा जाड नसावा. त्याहून खोल खळगा हातोडी आणि डॉलीने पत्रा ठोकूनच वर आणायला हवा. छिद्र पुट्टीने बुजवणे तर कोणत्याही परिस्थितीत दुरुस्ती ठरत नाही.

बाहेरचा रंग लागल्यावरही आतल्या पोकळ्या उरतात. वेल्डिंगच्या उष्णतेने सिल आणि खांब यांच्या आतील रंग जळालेला असतो आणि ब्रश तेथवर पोहोचत नाही. जोडांवर सीलर भरून, लांब नळीच्या फवाऱ्याने पोकळ भागांत मेणाचा द्रव सोडावा. निथळण्याची छिद्रे मात्र तारेने मोकळी करावीत. हे काम कोणाच्या नजरेस पडत नाही, म्हणून वगळले जाते. आणि तेच वगळल्याने गाडी पुन्हा गंजते.

कारागिराचे आरोग्य

जुन्या रंगांत शिशाचा अंश असू शकतो. असा रंग कोरडा घासल्यास धूळ श्वासावाटे शरीरात जाते आणि कपड्यांबरोबर घरातील मुलांपर्यंत पोहोचते. म्हणून पाण्याने ओले करून घासावे, योग्य प्रतीचा मास्क वापरावा आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत. नदीची वाळू वापरून केलेल्या ब्लास्टिंगमधील सिलिकाची धूळ फुप्फुसांवर कायमचे व्रण पाडते. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर वेल्डिंग केल्यास निघणाऱ्या धुराने थंडीताप भरतो, म्हणून जोडाजवळचा मुलामा आधी घासून काढावा. दोन घटकांच्या आधुनिक पॉलियुरेथेन रंगातील आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो. नाकाला बांधलेला रुमाल त्यापुढे निरुपयोगी आहे.

वेल्डिंगपूर्वी बॅटरी सोडवावी, गाद्या आणि चटया बाहेर काढाव्यात, अग्निशामक नळकांडे हाताशी ठेवावे. पेट्रोलची टाकी रिकामी दिसली तरी तिच्यातील वाफ स्फोटक असते. ती घरगुती प्रयोगाची वस्तू नव्हे.

दुरुस्ती आणि मूळपण

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. ५० वर्षांहून जुन्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना त्यांत स्थान आहे. क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क ठरवण्यात आले. वाहन मूळ स्वरूपात जपलेले असावे आणि चॅसिस, बॉडीचा सांगाडा किंवा इंजिन यांत फेरबदल करणारी मोठी दुरुस्ती झालेली नसावी, ही त्यातील मुख्य अट.

गंजाच्या कामाशी या अटीचा थेट संबंध आहे. कुजलेल्या सिलच्या जागी त्याच आकाराची, त्याच जाडीची सिल बसवणे आणि सोयीसाठी तेथे चौकोनी लोखंडी नळ ठोकून देणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत गाडी तीच राहते, दुसरीत ती बदलते. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी, कापल्यावर, जोडल्यावर आणि प्रायमरनंतर अशा प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे काढून ठेवावीत, पावत्या जपाव्यात. पुढे गाडीचे मूल्य ठरवताना ही कागदपत्रे रंगाच्या चकाकीपेक्षा अधिक बोलतात.

काम गॅरेजकडे सोपवताना मालकाने एक अट आरंभीच घालावी : पुट्टी आणि प्रायमर लावण्यापूर्वी एक दिवस गाडी उघड्या लोखंडावर दाखवावी. प्रामाणिक कारागिराला ही अट जाचक वाटत नाही. उलट आपले खरे कौशल्य कोणी तरी पाहावे, असेच त्याला वाटते. पाऊस सरल्यावर दरवर्षी गाडीचा तळ गोड्या पाण्याने धुणे, छिद्रे मोकळी करणे आणि हवा न खेळणाऱ्या ताडपत्रीऐवजी छपराखाली मोकळ्या वाऱ्यावर गाडी ठेवणे, एवढे पथ्य पाळले तरी दुरुस्तीचे आयुष्य कितीतरी वाढते. रंग दहा-पंधरा वर्षांनी पुन्हा देता येतो. एकदा कुजून गेलेले मूळ लोखंड मात्र परत मिळत नाही.